परदेशी संशोधन आणि दहा बाय बाराची बालवाडी: काय घ्यावं, कसं वापरावं, काय सोडावं

मुंबईत हल्ली गल्लोगल्ली नर्सरीच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द दिसतो आणि फीसुद्धा त्या शब्दाच्या हिशोबाने आकारली जाते. बालशिक्षणातलं जे आंतरराष्ट्रीय काम खरोखर तपासून पाहिलेलं आहे, त्यातलं बरंचसं मात्र फुकट उपलब्ध आहे आणि त्याला चकचकीत साहित्य लागत नाही. महापालिकेच्या बालवाडीत, अंगणवाडीत, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीत बालवाडीसाठी मिळालेल्या तळमजल्यावरच्या खोलीतही ते चालतं. फक्त कार्यक्रमाचं नाव उचलून भागत नाही, त्याचं प्रमाण उचलावं लागतं: किती मुलांमागे किती मोठी माणसं, आठवड्यातून किती वेळ, किती महिने, आणि त्या वेळात नेमकं काय.

हा लेख बालवाडीच्या बाई, अंगणवाडी सेविका, छोट्या नर्सरीचे चालक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. समोर धरली आहेत ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांचा विषय गृहभेटींच्या भागात येतो.

आधी स्वतःची खोली आणि वेळ मोजा

कुठलीही पीडीएफ उघडण्याआधी मोजपट्टी घ्या. 2013 सालच्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणासोबतच्या मानकांनुसार 30 मुलांसाठी किमान 35 चौरस मीटरची खोली आणि तीन ते सहा वयोगटात 20 मुलांमागे एक मोठं माणूस असावं. दहा बाय बाराची खोली जेमतेम 11 चौरस मीटर भरते, म्हणजे त्या हिशोबाने तिथे नऊ-दहा मुलं बसावीत. प्रत्यक्षात वीस-पंचवीस बसतात. हे एकदा मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात: दोन पाळ्या करायच्या, की एक गट गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात न्यायचा.

मग एका कागदावर पाच आकडे लिहा. पटावरची मुलं, रोज सरासरी येणारी मुलं, मोठी माणसं, एकूण वेळ, आणि हजेरी, खाऊ, हात धुणं, चपला शोधणं हे सगळं वजा जाता उरलेला वेळ. शेवटचा आकडा सलग तीन दिवस घड्याळ लावून काढा, अंदाजाने लिहू नका. तीन तासांच्या बालवाडीत तो बहुतेकदा वाटतो त्याच्या निम्मा निघतो.

या आकड्याला महत्त्व आहे, कारण भारतातला एक भक्कम प्रयोग याच गोष्टीचा आहे. तामिळनाडूत 320 अंगणवाड्या घेतल्या. त्यातल्या निम्म्यांत, चिठ्ठ्या टाकून, अर्धा दिवस काम करणारी एक जादा व्यक्ती फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी नेमली. प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षानंतर त्या मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही स्पष्टपणे पुढे होतं, आणि जुन्या सेविकेचा मोकळा झालेला वेळ पोषणाच्या कामाला लागल्यामुळे कुपोषणही घटलं. नवा अभ्यासक्रम आला नव्हता, फक्त माणूस आणि वेळ वाढला होता. तुम्हाला पगारी माणूस नेमता येणार नाही. पण पालकांची पाळी लावून किंवा समाजकार्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यातून हजेरी आणि खाऊचा भार दुसऱ्याकडे गेला, तर रोजची वीस मिनिटं सुटतात. सगळ्यात आधी हे करा. वेळच नसेल तर पुढचं सगळं कागदावर राहील.

अभ्यास वाचताना विचारायचे प्रश्न

परदेशी कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेलं असतं. त्यावर पाच प्रश्न टाकायचे. किती मुलं होती? तुलनेतली मुलं त्या काळात काय करत होती? एका मोठ्या माणसाकडे किती मुलं? आठवड्याला किती वेळ, किती महिने? फरक किती वर्षांनी मोजला? उत्तरं मिळत नसतील तर माहितीपत्रक बाजूला ठेवा.

हेच प्रश्न गाजलेल्या अभ्यासांना लावून पाहू. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात 1962 ते 1967 या काळात चाललेला पेरी प्रीस्कूल प्रकल्प जगभर सांगितला जातो. त्यातली मुलं चाळिशीपर्यंत पाहिली गेली आणि शिक्षण, रोजगार, गुन्हेगारी या सगळ्यांत फरक दिसला. पण मुलं होती एकूण 123, त्यातली 58 बालवाडीत गेलेली. एका शिक्षिकेकडे पाच-सहा मुलं असत. आठवड्यातले पाच दिवस, रोज अडीच तास वर्ग, वर दर आठवड्याला दीड तासाची गृहभेट. तुलनेतली बहुतेक मुलं तेव्हा घरीच होती. ‘बालशिक्षणात घातलेला एक रुपया अनेक पटींनी परत येतो’ हे वाक्य मुंबईतल्या सभांमध्ये सहज फेकलं जातं. त्याचं मूळ बऱ्याच अंशी या 58 मुलांत आहे. एका बाईंकडे तीस मुलं असताना तो परतावा आपल्यालाही मिळेल असं कुणी सांगत असेल, तर तो हिशोब चुकीचा आहे.

पेरीतून घ्यावी अशी एक गोष्ट आहे आणि तिला खर्च नाही. खेळण्याआधी मूल काय करणार ते सांगतं, मग करतं, आणि नंतर काय केलं ते सांगतं. चोवीस मुलांना रोज विचारणं शक्य नाही म्हणून रोज आठ जणांना विचारा, तीन दिवसांत चक्र पूर्ण होतं. ‘आज कुठे खेळणार?’ यावर सुरुवातीला मूल नुसतं बोट दाखवेल, तेवढंही चालतं. दोन-तीन आठवड्यांत ‘ठोकळ्यांकडे, ब्रिज बनवणार’ अशी वाक्यं येऊ लागतात.

उलटं उदाहरण टेनेसी राज्याचं. तिथल्या सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांचा 2,990 मुलांवरचा अभ्यास 2022 साली सहावीपर्यंतच्या निकालांसह प्रसिद्ध झाला. जागा कमी आणि अर्ज जास्त असल्यामुळे प्रवेश सोडतीने झाले होते, म्हणून तुलना चोख होती. वर्ग संपताना मुलं पुढे होती, तिसरीत मागे पडली, सहावीत आणखी मागे, शिस्तीच्या तक्रारीही जास्त. बालवाडीत घातलं म्हणजे भलं झालंच, असं म्हणण्याची सोय या अभ्यासाने ठेवली नाही. कारणांवर वाद चालू आहेत. आमचं मत असं, की दिवसाचा मोठा भाग गप्प बसून बाईंकडे बघण्यात जात असेल तर कुठल्याही देशातल्या बालवाडीने हाच धोका पत्करलेला असतो.

‘तीन कोटी शब्दांची दरी’ हेही असंच एक वाक्य. गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत श्रीमंत घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, असं त्यात सांगितलं जातं. 1995 साली मांडलेला हा आकडा कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांच्या ध्वनिमुद्रणावरून काढलेला होता आणि नंतरच्या अभ्यासांत तो तसा टिकला नाही. पालकसभेत तो सांगून चाळीतल्या आयांना ओशाळं करू नका. टिकलेली गोष्ट वेगळी आहे: मूल बोलतं, मोठं माणूस उत्तर देतं, मूल पुन्हा बोलतं, अशा फेऱ्यांचा भाषेशी जवळचा संबंध दिसतो. मुलाशेजारी टीव्ही बोलत राहिला तर ही फेरी होत नाही.

साहित्य कुठे आहे आणि कोणतं कशासाठी

शोधण्याच्या जागा मोजक्याच ठेवा. गूगल स्कॉलर आणि अमेरिकी सरकारचं एरिक हे भांडार फुकट आहे. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनने लहान मुलांच्या शिक्षणावरच्या अभ्यासांचा सारांश विषयवार मांडलाय, सोबत पुराव्याचा भक्कमपणा आणि खर्चही दिलाय. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर आधी तोच पाहा. मूळ निबंध वाचायचाच असेल तर सारांश, नमुन्याचा तक्ता, पद्धतीतला ‘किती वेळ’चा परिच्छेद आणि शेवटच्या मर्यादा एवढंच वाचलं तरी वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं मिळतात.

वापरायच्या साहित्यात पहिलं नाव स्टोरीवीव्हरचं. प्रथम बुक्सने 2015 साली सुरू केलेल्या या संग्रहात मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रकथा खुल्या परवान्यावर आहेत. लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून त्या छापता येतात, बदलता येतात, दुसऱ्या भाषेतही नेता येतात. एकच गोष्ट मराठी, हिंदी, उर्दूत मिळू शकते, आणि ज्या शहराची महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते तिथे ही फार मोठी सोय आहे. आपल्या मुलांसाठी पहिल्या पातळीच्या कथा घ्या. पानावर दोनपेक्षा जास्त ओळी असतील तर पुस्तक बाईंनाच वाचत बसावं लागतं.

तीनच्या आतल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं ‘केअर फॉर चाइल्ड डेव्हलपमेंट’ हे संच-साहित्य आहे. वयानुसार कोणता खेळ आणि कोणता संवाद, हे त्यात एका पानाच्या तक्त्यावर मिळतं. आईसमोर ठेवायला तेवढं एक पान पुरतं. न्यूझीलंडचा ‘ते व्हारिकी’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रम, 1996 साली आलेला आणि 2017 मध्ये सुधारलेला, नोंदी कशा कराव्यात हे शिकण्यासाठी उपयोगी पडतो. वर्गाचं निरीक्षण करायचं असेल तर जागतिक बँकेचं ‘टीच ईसीई’ हे साधन फुकट मिळतं. ‘ईसीईआरएस’ हे त्याच कामाचं साधन जास्त नावाजलेलं आहे, पण ते विकत घ्यावं लागतं आणि त्यातल्या खोली-फर्निचरच्या अपेक्षांपुढे मुंबईतली जवळपास प्रत्येक बालवाडी नापास होईल. संस्थेला देणगीदाराकडे दाखवायला ते लागेल, शिकवायला लागणार नाही.

अंगणवाडी असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. राज्याचा ‘आकार’ आणि केंद्राचा 2024 चा ‘आधारशिला’ हे अभ्यासक्रम आधीच लागू आहेत आणि मुख्यसेविका त्याच वेळापत्रकावर तपासणी करतात. परदेशी कार्यक्रम वेगळा म्हणून लावू नका. गोष्टीच्या तासात संवादवाचन, गणनपूर्व तासात अंकपट्टी (दोन्ही पुढे समजावली आहेत), मुक्त खेळात खेळाआधीचा प्रश्न, असं आहे त्या खणांत बसवा. नोंदवहीतलं नाव बदलावं लागत नाही.

संवादवाचन: गोष्टीच्या तासाचं करायचं काय

1988 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पालकांना गोष्ट वाचण्याची एक रीत शिकवली. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं साधं वाचन ऐकणाऱ्यांच्या पुढे गेलं. पुढे मेक्सिकोतल्या पाळणाघरांत कमी उत्पन्न गटातल्या मुलांवरही हीच रीत उपयोगी ठरली. तिचा गाभा चार हालचालींचा आहे. विचारा, उत्तराला दाद द्या, त्यात दोन शब्दांची भर घाला, आणि भर घातलेलं मुलाकडून म्हणवून घ्या.

चित्रात कोळीण टोपली घेऊन बसली आहे. ‘टोपलीत काय दिसतंय?’ मूल म्हणतं, ‘मासा.’ ‘बरोबर, मासा. मोठा पापलेट आहे. काय आहे?’ ‘मोठा पापलेट.’ झालं. दहा सेकंदांची ही फेरी एका पुस्तकात दहा-बारा वेळा व्हायला हवी.

प्रश्न पाच तऱ्हांचे असतात आणि त्यांना क्रम आहे. पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नका, गोष्ट सलग वाचा. दुसऱ्या दिवशी कोण, काय, कुठे. तिसऱ्या दिवशी अर्धं वाक्य सोडून द्या आणि मुलांना पुरं करू द्या, शिवाय ‘पुढे काय झालं होतं?’ हे आठवायला लावा. चौथ्या दिवशी मोकळा प्रश्न, ‘या पानावर काय चाललंय?’, आणि मुलाच्या घराशी जोडणारा, ‘तुमच्याकडे मासे कोण आणतं?’ पाचव्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि गोष्ट त्याच्याकडून ऐका. पाचही दिवस एकच पुस्तक चालवायचं. बाईंना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

गट सहाचा, वेळ दहा मिनिटांचा. चोवीस मुलांचे चार गट पडतात. रोज दोन गट घेतले तर प्रत्येक गटाची पाळी एक दिवसाआड येते आणि वरचे पाच दिवस दोन आठवड्यांत पूर्ण होतात. तेवढा वेळ बाकीची मुलं मदतनीसाबरोबर ठोकळे किंवा मातीकडे. सगळ्यांना एकत्र बसवून ही रीत चालत नाही: मागच्या रांगेला चित्र दिसत नाही, पुढची तीन बोलकी मुलं सगळी उत्तरं देतात आणि बाईंना वाटतं वर्ग रंगला. पुस्तकाची रंगीत झेरॉक्स ए-फोर कागदावर काढा, मुलांना अर्धवर्तुळात बसवा, आणि पुस्तक आपल्या मांडीवर न ठेवता त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत धरा.

बिघडतं कुठे? प्रश्न विचारल्यावर बाई दुसऱ्याच सेकंदाला स्वतः उत्तर देतात. मनात पाचपर्यंत मोजा. दुसरं, प्रश्न परीक्षेचे होतात: हा रंग कोणता, हे किती, तो आकार कोणता. रंग विचारून गोष्ट पुढे सरकत नाही. तिसरं, मूल घरच्या भाषेत बोललं की त्याला दुरुस्त केलं जातं. गोवंडीतलं मूल ‘मछरी’ म्हणालं तर उत्तर बरोबर आहे. ‘हो, मछरी. मोठा मासा’ एवढं म्हणून पुढे जा. चूक दाखवली की ते मूल पुढच्या आठवड्यात गप्प होतं, आणि गप्प मुलाबरोबर ही रीत करताच येत नाही.

अंकपट्टी

बालवाडीतल्या गणितावरचं सगळ्यात स्वस्त आणि नेमकं साधन पुठ्ठ्याची एक पट्टी आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांनी 2008 साली कमी उत्पन्न गटातल्या चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर एका ओळीत 1 ते 10 लिहिलेला पट खेळला. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. अंक ओळखणं, मोजणं, कोणता मोठा हे सांगणं, सगळं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनीही सुधारणा टिकली होती. तसाच पण अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत फरक पडला नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटापेक्षा सरळ ओळ सरस ठरली. म्हणून सापशिडी इथे कामाची नाही. शंभरपर्यंतचे आकडे आणि ओळीआड उलटी फिरणारी वाट या वयाला पेलत नाही.

पट्टी अशी करा. फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, 72 सेंटिमीटर लांब, 12 सेंटिमीटर रुंद. सहा सेंटिमीटरचे बारा चौकोन आखा: डावीकडे ‘सुरुवात’, मग 1 ते 10, शेवटी ‘घर’. अंक तीन सेंटिमीटर उंच, काळ्या मार्करने. चौकोनांत चित्रं काढू नका, मूल अंक सोडून चित्राची जागा लक्षात ठेवतं. देवनागरी आकडे घ्यायचे की इंग्रजी, ते आधी ठरवा आणि एक सत्र त्यावरच राहा. मराठी माध्यमात जाणाऱ्या मुलांना देवनागरी आकडे बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवरही भेटतात, त्याचा फायदा घ्या. सोंगट्या म्हणून बाटलीची दोन रंगांची झाकणं.

फासा सहाचा नको. मूळ खेळात फक्त 1 आणि 2 पडतात. त्यासाठी आपल्याकडचा फोडलेला चिंचोका उत्तम: पांढरी बाजू वर आली तर एक, तपकिरी आली तर दोन. तो बाईंच्या ताब्यात ठेवा आणि तीन वर्षांखालच्यांच्या हाती लागू देऊ नका.

आता सगळा खेळ ज्यावर उभा आहे तो नियम. सोंगटी 3 वर आहे आणि दोन पडले, तर मूल ‘एक, दोन’ म्हणत पुढे जातं. तसं होऊ द्यायचं नाही. त्याने ‘चार, पाच’ म्हणायचं, म्हणजे ज्या चौकोनावर पाऊल पडतं त्याचा अंक. 2014 साली लास्की आणि सिग्लर यांनी हे तपासून पाहिलं. दर वेळी एकपासून मोजणाऱ्या मुलांना खेळाचा तसा उपयोग झाला नाही. मूल अडलं तर चौकोनावर बोट ठेवून तुम्ही म्हणा, मग त्याच्याकडून म्हणवून घ्या. गट एका मोठ्या माणसामागे तिघांचा. छोट्या गटात आणि वर्गातल्या मदतनीसांकडूनही हा खेळ चालतो, हे 2012 च्या अभ्यासात दिसलं आहे.

खेळाआधी दोन मिनिटांची एक चाचणी घ्या. वाटीत दहा झाकणं ठेवून म्हणा, ‘मला तीन दे.’ मग चार, मग दोन, मग पाच. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल चारला मूठभर झाकणं उचलून देतं, तेव्हा ते अंक म्हणतं, मोजत नाही. अशी मुलं पालकांना हुशार वाटतात आणि पहिलीत अडकतात. त्यांच्यासाठी पट्टी फक्त 5 पर्यंत दुमडून ठेवा.

याच विषयातला दिल्लीचा एक अभ्यास सावध करणारा आहे. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालवाड्यांतल्या सुमारे 1,500 मुलांबरोबर चार महिने अंदाज आणि आकारांचे खेळ खेळवले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांची अंदाजाची समज वाढली आणि वर्षभराने टिकलीही, पण शाळेतलं लेखी गणित सुधारलं नाही. नुसते कमी-जास्तचे खेळ पुरत नाहीत. खेळात लिहिलेला अंक आणि तोंडी शब्द दोन्ही हवेत, आणि पट्टीत ते आहेत.

तीनच्या आतली मुलं: गृहभेट आणि घरची खेळणी

जमैकात, किंग्स्टनमध्ये, सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1986-87 मध्ये 9 ते 24 महिन्यांच्या, वाढ खुंटलेल्या 129 मुलांवर काम सुरू केलं. काहींच्या घरी वस्तीतली आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर, दोन वर्षं जात होती. खेळणी टाकाऊ वस्तूंची. एक खेळणं घरी ठेवायचं, पुढच्या भेटीत बदलायचं. वीस वर्षांनी या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. त्यातून ‘रीच अप’ हे प्रशिक्षण-साहित्य तयार झालं. ओडिशातल्या गावांत ते घरोघरी आणि आयांच्या गटांत असं दोन्ही तऱ्हांनी वापरून पाहिलं गेलं. परिणाम जवळपास सारखे, गटाचा खर्च बराच कमी.

मुंबईत गटच बरा. घर एका खोलीचं, पाण्याची वेळ ठरलेली, बऱ्याच आया घरकामाला बाहेर. चार-पाच आया मुलांसह, आठवड्यातून एकदा, पाऊण तास, दुपारी तीननंतर. क्रम ठरवून घ्या: गेल्या आठवड्याचं खेळणं कसं वापरलं ते विचारा, एक गाणं म्हणा, नवं खेळणं दाखवा, मग आई खेळेल आणि तुम्ही पाहाल. आईने केलेली एखादी बरी गोष्ट नेमकी सांगा: ‘त्याने हात पुढे केला तेव्हा तुम्ही थांबलात, ते बरं केलंत.’ बहुतेक भेटी फसतात त्या सेविका स्वतःच मुलाशी छान खेळते आणि आई चहा टाकायला उठते म्हणून. खेळ मुलाला शिकवायचा नसतो, आईच्या सवयीचा करायचा असतो.

सुरुवातीला तीन खेळणी पुरतात. अर्ध्या लिटरच्या पारदर्शक बाटलीत मूठभर राजमा, झाकण चिकटवून वर चिकटपट्टीचे तीन वेढे. झाकण असलेल्या डब्याला फट पाडून त्यात टाकायला पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या. खाऊच्या खोक्यावरचं एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून दोन तुकडे केलेलं कोडं, पुढे तेच तीन-चार तुकड्यांचं. सुटा तुकडा कुठल्याही बाजूने चार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, तो घशात अडकू शकतो. राजम्याच्या बाटलीचं झाकण दर आठवड्याला ओढून पाहा.

पालक मोबाइलबद्दल विचारतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत रोज एक तासापेक्षा जास्त नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास दम लागेल अशी. मैदान नसेल तर गॅलरीत दोरीवरून उड्या, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढणं, ओढणीची रेलगाडी. दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडले तरी चालतात.

नोंद ठेवा, परीक्षा घेऊ नका

प्रत्येक मुलाचं एक कार्ड. रोज दोन मुलांकडे लक्ष द्या, म्हणजे चोवीस मुलांची फेरी बारा कामाच्या दिवसांत पूर्ण होते. कार्डावर न्यूझीलंडच्या रीतीने तीनच ओळी: काय पाहिलं, त्यातून काय कळलं, पुढे काय देऊ. ‘आज छान खेळला’ ही नोंद नाही. ‘पाच झाकणं मागितली, सहा दिली, स्वतः मोजून एक परत ठेवलं’ ही नोंद आहे. वर्षातून तीनदा, जुलै, डिसेंबर आणि मार्चमध्ये, झाकणांची चाचणी आणि ‘हे चित्र पाहून सांग’ एवढ्या दोन गोष्टी सगळ्यांबरोबर करा. आकडे वर्गाचे म्हणून पाहा. डिसेंबरमध्ये निम्म्या वर्गाला ‘चार दे’ जमत नसेल तर मुलांची चूक शोधू नका, अंकपट्टी खरोखर किती वेळा खेळली गेली ते तपासा. पालकांना क्रमांक सांगू नका.

सोडून द्यावं असं

तिसऱ्या वर्षी रेघांच्या वहीत अक्षरं, फ्लॅशकार्डं, व्हिडिओवरून इंग्रजी, आणि ‘मेंदूचा उजवा भाग जागवणारे’ वर्ग. महागड्या लाकडी साहित्याबद्दल तर आपल्याकडे निकाल जुनाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसरींची तत्त्वं घेतली आणि साहित्य बिया, शंख-शिंपले, पानं, दगड यांचं केलं. वरची सगळी यादी त्याच वाटेने बसते.

सगळं एकदम सुरू करू नका. जूनमध्ये मुलं रडत असतात, तेव्हा फक्त गाणी आणि मुक्त खेळ. जुलैत झाकणांची चाचणी आणि संवादवाचन, एका गटापासून. गणपतीनंतर अंकपट्टी. दिवाळीनंतर आयांचा गट, कारण तोवर ओळख झालेली असते. पुठ्ठ्याचं साहित्य पावसाळ्याआधी करून ठेवलंत तर सादळून पोपडे निघतात. करायचंच असेल तर दोन्ही बाजूंना आणि कडांवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, भिंतीला टेकवू नका, आणि ऑक्टोबरची ऊन्हं पडली की एकदा बाहेर वाळवा.